उताऱ्यावर नसलेलं पाणी

जुलै अर्ध्यावर आला की वडगावहून येळ्ळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्षणभर थांबून पाहावं. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी असतं. बांध जेमतेम दिसतात, भाताची पाती पाण्यावर टोकं काढून उभी असतात आणि लांबवर राजहंसगडाचा माथा ढगात गेलेला असतो. या पाण्यात पांढरे ठिपके हलत असतात. गायबगळे, ढोकऱ्या, मध्येच एखादा काळा शराटी. एखादी पॉवर टिलर चिखल करत निघाली की तिच्या मागे बगळ्यांची रांग लागते. उलथलेल्या मातीतून निघणारे किडे, बेडूक आणि खेकडे टिपायला ते यंत्राच्या इतक्या जवळ जातात की पाहणाऱ्यालाच भीती वाटावी. नांगर आणि बैल होते तेव्हाही बगळे असेच मागे चालत.

बेळगावबाहेरच्या मराठी माणसाला येळ्ळूर आठवतं ते ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ या फलकामुळे. २०१४च्या जुलैमध्ये तो फलक हटवला गेला, गावात पोलीस घुसले आणि त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. बेळगावच्या घराघरात मात्र हे गाव भाताच्या वासावरून ओळखलं जातं. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, हलगा या गावांच्या काळ्या, भारी जमिनीत पिकणारा बेळगावी बासमती पूर्वी सणासुदीसाठी जपून ठेवत. ज्या शिवारात हा तांदूळ पिकतो तेच शिवार वर्षातले चार-पाच महिने पाणपक्ष्यांचं चरण्याचं रान असतं, याकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. गेली दीड दशकं इथला शेतकरी रस्त्यासाठी जाणारी जमीन वाचवायला झगडतो आहे. त्या झगड्यात पक्ष्यांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा, आणि का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी हे शिवार वर्षभर कसं चालतं ते पाहू. बेळगाव तालुक्यात भात दोन तऱ्हांनी घेतात. काहीजण पावसाआधीच कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करतात, काहीजण चिखल करून रोप लावतात. मेच्या अखेरीस, नांगरून ठेवलेल्या उघड्या ढेकळांत टिटवी चार अंडी घालते. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नसतं. अंड्यांचा रंगच मातीसारखा असतो, तेवढंच संरक्षण. पहिले मोठे पाऊस झाले की नाल्यातले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि बांधांच्या फटीतून भातखाचरांत शिरतात. हेच चढणीचे मासे. उथळ, कोमट, गवताळ पाणी हे माशांच्या आणि बेडकांच्या पिल्लांचं पाळणाघर असतं, कारण मोठ्या भक्षक माशांना इतक्या कमी पाण्यात वावरता येत नाही. हीच गोष्ट बगळ्यांच्या पथ्यावर पडते. बगळ्याच्या पायाची लांबी आणि खाचरातल्या पाण्याची खोली यांचं माप जुळलेलं असतं. तलाव भरला की काठ सोडून बाकी सगळं पाणी बगळ्यासाठी निरुपयोगी ठरतं. खाचर मात्र या बांधापासून त्या बांधापर्यंत चरता येतं.

याच दिवसांत गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते, ढोकरीच्या पाठीवर गडद लालसर पिसं येतात. हा त्यांचा विणीचा पोशाख. घरटी असतात गावातल्या वा शहरातल्या मोठ्या झाडांवर, पण पिल्लांचं खाणं येतं शिवारातून. शिवारातलं पाणी गेलं तर झाड शाबूत असूनही विणीची वसाहत उठते. झाडं मोजणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

भात दाटलं की पाणकोंबडी दिसेनाशी होते, फक्त तिचा आवाज येत राहतो. मुग्धबलाक, म्हणजे ज्याच्या मिटल्या चोचीतही मधे फट राहते तो करकोचा, खाचरातल्या गोगलगाई शोधतो. ऑक्टोबरात कणसं भरली की सुगरण आणि मुनिया येतात. त्यांना हाकलण्यात शेतकऱ्याची सकाळ जाते, हेही खरं. सगळेच पक्षी शेतकऱ्याच्या सोयीचे नसतात. मग नोव्हेंबरात सुगी सुरू होते, पाणी आटतं, आणि ओलसर चिखलाच्या पट्ट्यांवर उत्तरेकडून आलेले तुतवार, पाणलावे आणि धोबी उतरतात. पाठोपाठ त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरला जातो. बेळगावची बारीक मसूर होते ती अशी, पाटाच्या पाण्याविना, मातीने धरून ठेवलेल्या पावसावर. हिवाळी पिकावर भोवत्या जातीचे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत उंदीर आणि टोळ शोधतात. एकाच जमिनीतून वर्षात एकापाठोपाठ पिकं निघतात, म्हणून स्थानिक भाषेत ही ‘तिबार’ पिकाची जमीन.

भातशेती आणि पक्षी यांचं नातं काही येळ्ळूरपुरतं नाही. गोपी सुंदर आणि बंगळूरचे एस. सुब्रमण्य या अभ्यासकांनी २०१०मध्ये भारतीय उपखंडातल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा भातशेतात आढळलेल्या पक्ष्यांच्या जाती ३५१ भरल्या. भारतात भाताखाली चार कोटी हेक्टरांहून अधिक जमीन आहे. पाणथळ म्हणून आपण जे जे जपतो, त्या सगळ्याच्या कितीतरी पट.

मग ही जमीन पाणथळ आहे की नाही?

इराणमधल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या फार उदार आहे. पाणी नैसर्गिक असो वा माणसाने अडवलेलं, कायमचं असो वा हंगामी, वाहतं असो वा साचलेलं, गोडं, मचूळ किंवा खारं, हे सगळं पाणथळीत येतं. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. २००८मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉन इथे रामसरच्या सदस्य देशांनी भातखाचरांवर स्वतंत्र ठरावच केला आणि भातशेती ही पाणथळ परिसंस्था असल्याचं मानून तिथली जैवविविधता वाढवण्याचं आवाहन केलं.

आपल्या देशातला कायदा मात्र वेगळं सांगतो. सप्टेंबर २०१७मध्ये केंद्राने पाणथळ जागांच्या संवर्धनाचे जे नियम अधिसूचित केले, त्यांत व्याख्येची सुरुवात जवळपास रामसरसारखीच आहे. पण पुढे वगळलेल्या गोष्टींची यादी येते: नदीचं पात्र, भातशेती, आणि पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मिठागर, सिंचन अशा कामांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे. भातशेती २०१०च्या नियमांतही वगळलेलीच होती. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. देशातलं प्रत्येक भातखाचर संरक्षित पाणथळ ठरवलं, तर शेतकऱ्याला विहीर खणायलाही परवानगी मागावी लागेल. म्हणजे ही सूट दिली ती शेतकऱ्याला मोकळीक राहावी म्हणून. प्रत्यक्षात त्या सुटीचा फायदा शेत बुजवणाऱ्याला होतो, कारण खाचरावर भराव टाकताना ‘इथे पाणथळ होती’ असं कुठल्याही कागदावरून सिद्ध करता येत नाही.

इथे मला बासमतीची गोष्ट आठवते. २०१६मध्ये बासमतीला भौगोलिक मानांकन मिळालं ते हिमालयाच्या पायथ्याकडच्या राज्यांपुरतं: पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर यांचे काही जिल्हे. बेळगावी बासमती हे वेगळं, स्थानिक वाण. तेव्हा येळ्ळूरच्या शिवारात जो बासमती पिकतो तो कायद्याच्या लेखी बासमती नाही, आणि ज्या पाण्यात पिकतो ते पाणी कायद्याच्या लेखी पाणथळ नाही.

याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास आखला गेला. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या हलग्यापासून पणजी मार्गावरच्या मच्छेपर्यंत, साधारण साडेनऊ किलोमीटर. गोव्याकडे जाणारी अवजड वाहनं शहरात येऊ नयेत, उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांचा माल सरळ महामार्गाला लागावा, हा त्यामागचा विचार. ही गरज खोटी नाही. खानापूर रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही ती पटेल. शेतकऱ्यांचा प्रश्न रस्ता कुठून न्यायचा याबद्दल होता. ज्यांची जमीन गुंठ्यांत मोजावी इतकीच आहे, त्यांच्या शेतातून रुंद पट्टा गेला की उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नाही. त्यांनी मोर्चे काढले, शिवारात ठाण मांडलं, रस्त्याचा ‘झिरो पॉइंट’ नेमका कुठे हा मुद्दा न्यायालयात नेला. काम कधी पोलीस बंदोबस्तात सुरू झालं, कधी स्थगिती येऊन थांबलं. २०२१च्या नोव्हेंबरात यंत्रं शिवारात उतरली ती ऐन सुगीच्या तोंडावर.

येळ्ळूरच्या आसपास हा एकच प्रश्न नाही. कित्तूरमार्गे जाणाऱ्या ७३ किलोमीटरच्या बेळगाव-धारवाड रेल्वेमार्गाला देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि मार्ग खडकाळ, पडीक जमिनीतून न्या असं सुचवलं. बेळगावभोवतीच्या रिंगरोडविरोधात २८ नोव्हेंबर २०२२ रोजी शेतकरी हातात चाबूक घेऊन मोर्चाने आले. विकास नको असं यांतल्या कुणीच म्हटलं नाही. पिकाची जमीन सोडून माळावरून जा, एवढंच त्यांचं मागणं.

त्यांना कायद्याचा आधार का मिळाला नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात अन्नसुरक्षेसाठी एक कलम आहे, दहावं. बागायती, अनेक पिकांची जमीन अगदी अपवादात्मक परिस्थितीतच घ्यावी असं ते सांगतं. पण त्याच कलमाच्या शेवटी एक सवलत जोडलेली आहे. रेल्वे, महामार्ग, जिल्हा रस्ते, कालवे, वीजवाहिन्या असे ‘रेषेसारखे’ प्रकल्प असतील तर हे कलम लागू नाही. रेषेला रुंदी नसते, असं आपण शाळेत भूमितीत शिकतो. शिवारातल्या रेषेला रुंदी असते, उंचीही असते, आणि तिचा परिणाम तिच्या दोन्ही बाजूंना मैलभर जाणवतो.

तो परिणाम कसा होतो ते पाहा. काळ्या सपाट शिवारात पावसाचं पाणी ओढ्यासारखं धावत नाही, चादरीसारखं सरकतं. या खाचरातून त्या खाचरात, बांधाच्या मोरीतून खालच्या शेतात, असं दिवसचे दिवस चालतं. गाळ वाटेत बसतो, मातीत पाणी मुरतं आणि उरलेलं नाल्याला मिळतं. त्यावर आडवा, माणसापेक्षा उंच भराव आला की चादर फाटते. ठरावीक अंतरावर मोऱ्या ठेवल्या तरी, पूर्वी शेकडो जागांतून जाणारं पाणी आता मोजक्याच तोंडांतून वेगाने निघतं. वरच्या अंगाला पाणी तुंबून भात कुजतं, खालच्या अंगाला मोरीसमोरची माती वाहून जाते आणि बाकीची खाचरं कोरडी पडतात. बगळ्याला हवं असलेलं वीतभर पाणी दोन्ही बाजूंना उरत नाही. एकीकडे त्याला उभं राहता येत नाही, दुसरीकडे खायला मिळत नाही.

आणि रस्ता कधी एकटा येत नाही. त्याच्या कडेने ढाबे येतात, गोदामं येतात, बिगरशेती परवाने काढून प्लॉट पडतात. बेळगावने हे पूर्वीही पाहिलं आहे. ज्या उपनगरांत आज पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, त्यांतली कितीतरी कालपर्यंत भातशेतंच होती. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.

या सगळ्याचा ताण एकट्या बळ्ळारी नाल्यावर येतो. शहराच्या दक्षिणेकडून येळ्ळूर रस्ता, अनगोळ, शहापूर, वडगाव, हलगा असा जाणारा हा नाला पुढे घटप्रभेच्या खोऱ्यात उतरतो. त्यात शहराचं सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, गाळ साचतो आणि पात्र आक्रसत जातं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तो शिवारात पसरतो आणि भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहतं. पहिली लावणी कुजली की दुबार लावणी करायची, तीही पुन्हा बुडायची, हे येळ्ळूर-शहापूरच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं सोसलं आहे. पाणपक्षी आहेत म्हणून हा पूर चांगला, असं कुणी म्हणू नये. भाताचं वीतभर पाणी आणि सांडपाणी मिसळलेला कमरेइतका पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासे आणि बेडूक पहिल्यात वाढतात, दुसऱ्यात मरतात. नाल्याची खोली आणि रुंदी पूर्ववत करणं, त्यात मैला न सोडणं, ही शेतकऱ्याची मागणी आहे. पक्ष्यांचीही गरज तीच आहे.

अशा लढ्यांचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण उरणचं. तिथे बंदर, विशेष आर्थिक क्षेत्र, गोदामं यांसाठी खाडीकिनाऱ्यावर भराव पडत गेले आणि पाणजे, भेंडखळसारख्या पाणथळींत भरतीचं पाणी येणं अडलं. तिथले कोळी आणि पर्यावरण कार्यकर्ते एकत्र लढले. २०१३च्या एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात पाणथळींवर भराव टाकायला मनाई केली. फेब्रुवारी २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला. उपजीविका आणि परिसंस्था एकच आहेत, ती मोडली तर माणसाचं नुकसान होतं, हे त्या निकालाने मान्य केलं. उरणला रोहित होते, गुलाबी, देखणे, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शोभणारे. येळ्ळूरला ढोकरी आहे. मातकट, खांदे पाडून बसणारी, उडाली तरच दिसणारी. तिच्यासाठी मोर्चा निघणं अवघड आहे, हे कबूल करायला हवं.

आणि म्हणूनच मोजणी महत्त्वाची. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. त्या दिवसांत पक्षीमित्र गोकाक तालुक्यातल्या घटप्रभा अभयारण्यात जातात. १९७४ सालचं, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य धूपदाळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालं, तिथे हिवाळ्यात कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे येतात. जानेवारीत येळ्ळूरच्या शिवारात मात्र पाणी नसतं, मसूर असते. पाण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, आणि त्या चिखलात दुर्बीण घेऊन फारसं कुणी उतरत नाही. जिथे मोजलं जात नाही, तिथे पक्षी नाहीत असंच कागद गृहीत धरतो.

माणसाने घडवलेली जागा म्हणून तिचं मोल कमी, असंही समजू नये. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नांदूरमधमेश्वर हे गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातून घडलं. गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, कुडचड्याचं ४२ हेक्टरांचं नंदा तळं, आपलं पाणी खालच्या भातशेतीला देतं. जपान तर याहून पुढे गेला. तिथला शेवटचा रानटी करकोचा १९७१ साली, म्हणजे रामसर करार झाला त्याच वर्षी, तोयोओका गावात मेला. शेतांतलं पाणी लवकर काढून घेणं आणि कीटकनाशकं ही त्यामागची मोठी कारणं. पुढे त्याच गावातल्या शेतकऱ्यांनी विषारी फवारणी कमी केली, खाचरांत पाणी जास्त दिवस ठेवलं आणि २००५मध्ये पिंजऱ्यात वाढवलेले करकोचे पुन्हा मोकळे सोडले गेले. ‘करकोच्याचा तांदूळ’ म्हणून तिथला भात चढ्या भावाने विकला जातो. त्याच साली काबुकुरी-नुमा ही दलदल रामसरच्या यादीत गेली ती भोवतालच्या भातखाचरांसकट. यादीतल्या ४२३ हेक्टरांपैकी अर्ध्याहून अधिक जागा भातशेतीची आहे. तिथले शेतकरी आधी विरोधात होते, कारण हंस भात खातात. नुकसानभरपाई आणि तांदळाला मिळालेला भाव यांमुळे ते राजी झाले. येळ्ळूरकडे वासाचा तांदूळ आहे आणि पक्षीही आहेत. दोन्हींना जोडणारं नाव अजून कुणी छापलेलं नाही.

त्यासाठी दिल्लीचे नियम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, असं बंधन आहे. त्या वहीत गावाचं भाताचं वाण लिहिता येतं, बांधावरची वनस्पती लिहिता येते, शिवारातला पक्षी लिहिता येतो. उद्या पुन्हा एखादी रेषा नकाशावर ओढली गेली, तर समोर ठेवायला शेतकऱ्याकडे उताऱ्याखेरीज आणखी एक कागद असेल. त्याची भात बुडाल्याची कैफियत आणि पक्ष्यांची नोंद एकाच फाइलला लागेल.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्लींनी पक्ष्यांची नावं गोळा केली ती रानात राहणाऱ्या माणसांकडून. येळ्ळुरात त्याच आठवड्यात सुगी चालू असते, घरातली सगळी माणसं शिवारात असतात आणि कापलेल्या भातामागे उरलेल्या ओलीवर पक्षी उतरलेले असतात. बेळगावच्या कॉलेजांतल्या मुलांनी, पक्षीमित्रांनी आणि येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शाळांनी यंदा त्या आठ दिवसांत शिवारात उतरावं. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं की हा पक्षी कोणता, तो पूर्वी किती यायचा, आता किती येतो. ते सांगतील ते लिहून घ्यावं, आणि ती वही पंचायतीत नेऊन द्यावी.